चौथ्या टप्प्यावरच्या चांदण्या

आमच्या कंट्रोल रूममध्ये मला चांदणीबाई म्हणतात. कौतुकाने नाही हं, टिंगल म्हणून. नाव पाडलं मामांनी. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, या धरणावरच्या प्रत्येकाचे ते मामाच. बावीस वर्षं इथलं नेटवर्क त्यांच्या हाताखाली आहे आणि त्या बावीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

नाव कसं पडलं तेही सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं होतं. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी खालच्या दरीतला भोंगा वाजवावा लागतो. भोंगा धरणापासून पाच किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडे. तो इथे ऐकू येत नाही. आमच्या स्क्रीनवर बटण दाबायचं, की हुकूम सहा टप्प्यांनी तिथे जातो: आमची खोली, वीजघर, भिंतीच्या टोकाचा मनोरा, डोंगरावरचा मनोरा, जुनं पंपघर आणि शेवटी भोंगा. हा रस्ता धड आहे की नाही ते बघायला एक छापील फॉर्म आहे. त्यावर लिहिलंय, ‘भोंग्यापर्यंत ट्रेसर्ट काढावा. रस्ता पूर्ण: हो / नाही.’ खाली सही.

आता ट्रेसर्ट हा विंडोजवरचा हुकूम. तो मामांच्या संगणकावर चालतो. माझा संगणक लिनक्सवर. तिथे ट्रेसर्ट टाइप केलं, तर असला कुठलाही हुकूम मला माहीत नाही असं ते तोंडावर सांगतं. तिथे पूर्ण नाव लिहावं लागतं, ट्रेसरूट. दोघांचं काम एकच: वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला ‘तू आहेस का’ विचारायचं, उत्तर आलं की त्याचा पत्ता छापायचा, नाही आलं की तारका छापायच्या. मागच्या महिन्यात तालमीच्या दिवशी मी माझ्यावर रस्ता काढला, तर शेवटच्या ओळीत तीन तारका. मी ओरडले, “भोंगा मेलाय!” तालीम थांबली. जीप पाठवली. ड्रायव्हर भोंग्याखाली कानात बोटं घालून उभा, आणि भोंगा ठणठणीत वाजतोय. माझ्या पाकिटांना, म्हणजे संगणक पाठवतो त्या छोट्या संदेशांना, उत्तर द्यायची त्या भोंग्याच्या डब्याला सवयच नव्हती, एवढंच होतं ते. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“दिवसाढवळ्या चांदण्या दिसल्या बाईंना,” मामा म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मी कानाला खडा लावला, की पुन्हा तारकांवरून तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी दुपारी तीन वीसला साहेब आत आले ते जवळजवळ पळतच. साहेब म्हणजे धरणाचे प्रमुख. शांत माणूस. पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“वरच्या धरणाने दोन वाजताच पाणी सोडलंय,” ते म्हणाले. “न कळवता. आपली पातळी सव्वाचारला लाल रेघ गाठेल. चार वाजता दरवाजे उघडायचे. साडेतीन, तीन चाळीस, तीन पन्नास, तीन वेळा भोंगा. मामा, रस्ता तपासा.”

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“साहेब, दरीत पुलाच्या खांबांचं काम चाललंय,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला. अकरा माणसं.”

“बारा,” मी म्हटलं. “आज माझी बहीण पण गेलीय मोजणीला.”

माझी धाकटी सर्वेक्षक आहे. सकाळी आम्ही एकाच आरशासमोर वेण्या घातल्या होत्या आणि तिने माझी छत्री पळवली होती, उन्हासाठी. त्या दरीत मोबाईल लागत नाही. वायरलेसला डोंगर आडवा येतो. आणि बाहेर लख्ख ऊन होतं, नदीचं पात्र कोरडं. पाणी येईल अशी शंका खाली कोणाला येणं शक्यच नव्हतं.

साहेबांनी जीप पाठवली. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, पन्नास मिनिटं. जीप सव्वाचारला कड्यावर पोचणार, मग खाली उतरायला वीस मिनिटं. आणि चारला सोडलेलं पाणी चार वीसला खांबांपाशी. हा हिशेब खोलीतल्या प्रत्येकाने मनात केला. भोंग्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

मामा मात्र निवांत. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ट्रेसर्ट सोडला. सहा ओळी भराभर आल्या. सहाही टप्प्यांनी उत्तर दिलं, भोंग्याने सुद्धा. मामांनी कागद छापला, ‘हो’वर खूण केली आणि झोकदार सही ठोकली.

“रस्ता आरशासारखा,” ते म्हणाले.

मला गप्प बसायचं होतं, शपथ. पण हातच ऐकेनात. मी माझ्यावर ट्रेसरूट सोडला. एक, दोन, तीन, उत्तरं आली. चौथ्याला तारका. पाचव्याला तारका. सहाव्याला तारका.

“मामा,” मी म्हटलं, “माझ्याकडे चौथ्यापासून पुढे काही येत नाहीये.”

मामांनी वळूनही पाहिलं नाही. “आल्या का चांदण्या?”

कोणी हसलं नाही, पण साहेबांच्या कपाळावर आठी पडली. ती माझ्यासाठी होती. “बाई, आत्ता नको,” ते म्हणाले.

साडेतीन झाले. साहेबांनी बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवा चौकोन आला: ‘भोंगा – पाठवला.’

हा हिरवा चौकोन मला पहिल्या दिवसापासून खुपतो. भोंग्याचा हुकूम असतो एकतर्फी. सोडून द्यायचा, पोचपावती नाही. नेटवर्कवाले त्याला यूडीपी म्हणतात. जुन्या यंत्रणेने तोच प्रकार धरला, कारण तो झटपट जातो. हिरवा चौकोन सांगतो की आमच्याकडून हुकूम निघाला. पुढे तो पोचला, हरवला की कुणी गिळला, याचा त्या चौकोनाला पत्ता नसतो. मी घरी जेवताना रोज यावर कुरकुर करते आणि धाकटी म्हणते, “ताई, भाजी वाढ, हिरवा चौकोन पुरे.”

मी खण उघडला. मागच्या महिन्याचा फजितीचा कागद मी फेकला नव्हता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. फजिती झाली की मी पुरावा जपून ठेवते, स्वतःवर चिडायला. कागद स्क्रीनशेजारी धरला.

मागच्या महिन्यात चौथा टप्पा बोलला होता. पाचवाही बोलला होता. फक्त सहावा, भोंगा, गप्प होता. आज चौथाच गप्प.

“मामा, हे बघा! त्या दिवशी डोंगराने उत्तर दिलं होतं. आज नाही देत. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे काहीतरी माझी पाकिटं खातंय.”

“माझी नाही खात ते?” मामांनी आपला कागद फडकवला. “माझी चौथ्यावरून, पाचव्यावरून, थेट भोंग्यापर्यंत जाऊन परत आली. एकच तार, एकच डोंगर. तुझी पाकिटं काय लाडावलेली आहेत का?”

“तुमची पाकिटं वेगळी आहेत, मामा!”

“पाकीट ते पाकीट.”

माझं डोकं फिरलं. बावीस वर्षं! बावीस वर्षं हा माणूस नेटवर्क सांभाळतो आणि म्हणतो पाकीट ते पाकीट! पण ओरडून काही होणार नव्हतं. साहेब मधे उभे होते, भिंतीवर पातळीचे आकडे चढत होते आणि घड्याळात तीन चौतीस झाले होते. मी दात आवळले आणि साहेबांकडे वळले.

“साहेब, एक मिनिट द्या, साध्या शब्दांत सांगते. हे दोन हुकूम दिसतात सख्ख्या भावांसारखे, आहेत चुलत. विंडोजवाला जो आहे तो पिंगची हाक मारत जातो. ‘कोण आहे का?’ ‘आहे.’ ‘कोण आहे का?’ ‘आहे.’ माझा लिनक्सवाला हाक मारत नाही. तो यूडीपीची पाकिटं टाकत जातो. आणि भोंग्याचा हुकूमही यूडीपीच आहे. मधे कुणी हाका जाऊ देत असेल आणि पाकिटं अडवत असेल, तर मामांना रस्ता पूर्ण दिसणार, मला तुटका दिसणार, आणि भोंगा... भोंगा वाजणार नाही.”

“असेल तर,” मामा म्हणाले. “असेल तर! मागच्या वेळी पण असेल तरच होतं.”

“मग ताडून बघते,” मी म्हटलं. “माझ्या हुकमाला एक पर्याय आहे. तो लावला की लिनक्स पण तुमच्यासारख्या हाका मारतं. त्याला तुमच्याइतकंच उत्तर आलं, तर माझी तार धड आहे आणि फरक फक्त पाकिटाचा आहे. पटतंय?”

साहेबांनी मान हलवली. मी पर्याय लावला, अॅडमिनचा पासवर्ड मागितला त्याने. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सगळे बोलले, भोंग्यासकट. मग लगेच पर्याय काढून टाकला आणि पुन्हा सोडला. एक, दोन, तीन. तारका, तारका, तारका.

साहेब स्क्रीनवर वाकले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे चांदणीबाई म्हणून नाही, माणूस म्हणून पाहिलं.

“मामा?” ते म्हणाले.

मामांचा चेहरा किंचित उतरला होता, पण आवाज तसाच होता. “साहेब, त्यात नवल नाही. डोंगरावर काल मी नवा फायरवॉल बसवला.”

मी ताडकन उभी राहिले. “काल? आणि हे आत्ता सांगताय?”

“ओरडू नकोस. सुरक्षेसाठी वरून आदेश होता. नको ते सगळं बंद, हवं तेवढंच चालू. हिचा ट्रेसरूट भलत्याच पोर्टांवर पाकिटं टाकतो, तेहतीस हजार आणि वर. ते मी बंद केलेत, करायलाच हवेत. भोंग्याचा पोर्ट मी स्वतः चालू ठेवलाय, यादीत आहे. आणि बसवल्यावर काल ट्रेसर्ट काढून बघितला, पूर्ण आला. मी काय दूधखुळा आहे?”

खरं सांगते, इथे मी गार पडले. कारण मामांचं बरोबर होतं. माझा हुकूम आपणहून ज्या पोर्टांवर, म्हणजे ज्या दारांवर, पाकिटं टाकतो त्यांचा भोंग्याशी काही संबंध नाही. ते दार बंद आणि भोंग्याचं दार उघडं, असं अगदी असू शकतं. मग मी पुन्हा तोंडावर आपटले असते, आणि आवडलं असतं मला! आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून इच्छा केली, की मामा बरोबर निघू देत आणि मी चूक. सगळ्यांनी जन्मभर हसावं मला. पण भोंगा वाजलेला असू दे.

तीन चाळीस. साहेबांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं. हिरवा चौकोन. ‘पाठवला.’

खालची माणसं आत्ता वर चढायला लागली असतील, असं स्वतःला सांगून बघितलं. दरीतून वर यायला पंधरा मिनिटं लागतात. धाकटी आधी यंत्र पेटीत भरेल, ती यंत्र टाकून कधी येणार नाही, माझी छत्री मात्र नक्की विसरेल. मग दुसरं चित्र डोळ्यांसमोर आलं: कोणीच चढत नाहीये, काँक्रीटचा मिक्सर घरघरतोय, ती पात्राच्या मधोमध एक डोळा मिटून दुर्बिणीत बघतेय. मी हात मांडीखाली दाबून बसले, मग लक्षात आलं की टाइप करायला तेच लागणार आहेत.

“भोंग्याचा पोर्ट कितवा?” मी विचारलं.

“कशाला?”

“मामा, आकडा सांगा!”

त्यांनी सांगितला. लिनक्सच्या ट्रेसरूटला आणखी एक खोड आहे, ती चांगली खोड आहे. त्याला सांगता येतं, की बाबा, पाकीट अमुकच पोर्टवर टाक. विंडोजच्या ट्रेसर्टला ते सांगताच येत नाही, त्याला एकच हाक ठाऊक. भोंग्याच्या डब्याला अशी रिकामी पाकिटं कळत नाहीत, तो फेकून देतो, त्यामुळे धोका नव्हता. मी यूडीपी लिहिलं, भोंग्याचाच पोर्ट लिहिला, आकडे दोनदा वाचले आणि एंटर मारलं.

“आता हा भोंग्याच्या हुकमाच्याच दाराने जातोय,” मी म्हटलं. “मामा, तुमची यादी बरोबर असेल तर डोंगर उत्तर देईल. पंपघर देईल. भोंगा नाही देणार, तो कधीच देत नाही. दोन ओळी हव्यात मला. चौथी आणि पाचवी.”

आम्ही तिघे स्क्रीनसमोर. मामासुद्धा उठून आले होते. त्यांचा श्वास माझ्या कानाशी येत होता, सुपारीचा वास.

एक. दोन. तीन.

चौथी ओळ अडकली. तारका यायला वेळ लागतो, तो हुकूम प्रत्येकीसाठी पाच-पाच सेकंद थांबतो. एक तारका आली. मी मनात म्हटलं, एखादं पाकीट हरवतं, होतं असं. दुसरी आली. तिसरी आली.

“नाही...” मामा म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशी. “नाही, मी घातलाय. माझ्या हाताने घातलाय तो पोर्ट.”

“मामा, बघा जाऊन! दाखवा ती यादी! माझी बहीण आहे हो तिकडे!”

ते धावले. त्या वयात, त्या पोटाने, ते त्यांच्या खुर्चीपर्यंत अक्षरशः धावले. नव्या फायरवॉलचा पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक होता. तीन चव्वेचाळीस. पान उघडायला वेळ लागला. यादी आली. मामांनी बोट स्क्रीनवर ठेवलं आणि खाली सरकवत नेलं. भोंगा. पोर्टचा आकडा बरोबर. पुढच्या रकान्यात, प्रकार: टीसीपी.

त्या रकान्यात नवीन ओळ घातली, की आपोआप टीसीपी येतं, म्हणजे पोचपावतीवाला प्रकार. हाताने बदलून यूडीपी करावं लागतं. मामांनी बदललं नव्हतं. आकडा इतक्या काळजीने घातला आणि शेजारचा रकाना पाहिलाच नाही. मग तपासलं ते पिंगच्या हाकेने, जिला त्यांनी स्वतःच वाट मोकळी ठेवली होती. अर्थात ती हाक जाऊन आली. ती येणारच होती.

मला त्यांना काय काय बोलायचं होतं! जिभेवर आलं होतं सगळं. पण मामांचा माउस त्या रकान्यावर नेम धरत होता आणि दर वेळी शेजारच्या ओळीवर पडत होता.

“मी करू का?” मी विचारलं.

“कर,” ते म्हणाले आणि खुर्चीतून उठले. बावीस वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं नव्हतं.

मी रकाना बदलला. जतन केलं. फायरवॉलच्या डब्याने सांगितलं, नियम लागू व्हायला पुन्हा सुरू व्हावं लागेल, नव्वद सेकंद. नव्वद सेकंद म्हणजे किती मोठे असतात ते मला विचारा. साहेब पातळीच्या आकड्यांकडे बघत होते. मामा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, ते सेकंद मोजत होते की देवाला आळवत होते, कोण जाणे.

तीन अठ्ठेचाळीस. मी माझ्या संगणकाकडे परत आले, बाण दाबून तोच हुकूम वर आणला. एंटर.

एक. दोन. तीन. चार.

डोंगर बोलला! पाच. पंपघर बोललं! सहाव्याला तारका.

“सहावा?” साहेबांनी विचारलं.

“सहावा कधीच बोलत नाही, साहेब. मागच्या महिन्यात पण नव्हता बोलला, आणि भोंगा वाजला होता.”

“म्हणजे आता वाजेल?”

“रस्ता आहे,” मी म्हटलं. “वाजेलच असं मी नाही म्हणणार. मी फक्त पंपघरापर्यंत बघू शकते.”

साहेबांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, शेवटचं; तीन हुकमांनंतर यंत्रणा तासभर चौथा घेत नाही. हिरवा चौकोन. ‘पाठवला.’ तिन्ही चौकोन एकाखाली एक, एकसारखे हिरवे. बघणाऱ्याला त्यांच्यात काडीचाही फरक दिसला नसता.

“साहेब,” मी म्हटलं, “आत्ता वाजला असेल, तर माणसं वर यायला चार वाजून पाच मिनिटं होतील. दहा मिनिटं थांबा. वर रस्त्यावर आल्यावर मोबाईल लागतो. ती मला फोन करेल. करेलच. ती काही झालं तरी आधी मलाच करते.”

साहेबांनी आकड्यांकडे पाहिलं. “चार दहा,” ते म्हणाले. “त्यापुढे एक मिनिटही नाही. भिंत गेली तर गावं जातील.”

चार वाजले. मी फोन टेबलावर समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. चार दोन. कोणीतरी माझ्या कपातला गार चहा उचलून नेला. चार चार. मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, बसले नाहीत. चार पाच झाले तेव्हा मी फोन उचलून रेंज आहे की नाही ते बघितलं. होती. चार सहा. दरवाज्यांच्या पॅनेलपाशी साहेबांनी किल्ली लावली, फिरवली नाही. चार सात. माझ्या मनात आलं, की आईला काय सांगायचं. मी खरोखर वाक्य जुळवायला लागले होते.

फोन वाजला.

मी तो इतक्या जोरात उचलला की स्पीकरच चालू झाला. “ताई!” धाकटी धापा टाकत होती. “ताई, आम्ही वर आलो! सगळे! काय झालंय?”

“बारा जण?” मी ओरडले.

“बारा! मोजले मी. ताई, तू रडतेयस का?”

“नाही रडत! यंत्र आणलंस?”

“टाकून आले. तुझी छत्री पण खालीच राहिली.”

साहेबांनी किल्ली फिरवली. भिंतीच्या आत कुठेतरी मोटरींचा घुमणारा आवाज सुरू झाला आणि खोलीच्या काचा हलकेच थरारल्या. मी बसले.

धाकटी बोलतच होती, राग आला की ती माझ्यासारखीच बोलते. “पण तुमच्याकडे चाललंय तरी काय? भोंगा एकदाच कसा वाजला? नियम तीनदाचा आहे ना? इथे सगळे म्हणाले, एकदाच वाजलाय, चाचणी असेल, दुसऱ्याची वाट बघू. मुकादम तर जागचा हलेना. मी भांडले त्याच्याशी. मी म्हटलं, माझी ताई रोज जेवताना रडते की ‘पाठवला’ म्हणजे ‘पोचला’ नव्हे, कोण जाणे आधीचे दोन वाटेत मेले असतील. चला म्हटलं आधी वर, वाद नंतर. पहिलाच होता का गं तो?”

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मी मामांकडे पाहिलं. ते स्क्रीनवरच्या तीन हिरव्या चौकोनांकडे बघत होते.

“तिसरा,” मी तिला म्हटलं. “तो तिसरा होता. पाण्यापासून लांब थांबा, जीप येतेय. घरी ये, मग सांगते.”

फोन ठेवला. मग मामांनी टेबलावरचा फॉर्म उचलला. ‘ट्रेसर्ट काढावा. रस्ता पूर्ण: हो.’ खाली त्यांची झोकदार सही, वेळ तीन पंचवीस. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘हो’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘नाही’ लिहिलं. मग छापील ‘ट्रेसर्ट’वरही रेघ मारली आणि पेन तसंच धरून थांबले.

“तुझ्या त्या हुकमाचं स्पेलिंग सांग,” ते म्हणाले.

मला अजून राग होता. खोटं कशाला बोलू, आजही आहे. पण मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि ते बसले.

“टी, आर, ए, सी, ई, आर,” मी म्हटलं. “इथपर्यंत तुमचं आणि माझं एकच आहे, मामा.”

त्यांनी लिहिलं. “पुढे?”

“ओ, यू, टी, ई. आणि त्याच्यापुढे भोंग्याचा पोर्ट. आणि यूडीपी लिहा, मोठ्या अक्षरात.”

त्यांनी ‘यूडीपी’ लिहिलं, ते ओलं असतानाच त्यावरून पेन आणखी एकदा फिरवलं, आणि पुन्हा एकदा फिरवलं.